फुंतुशा

मझेविनारने पहिलं अक्षर काढलं
बुटाला पॉलिश लावायच्या ब्रशानं,
कुताइसीतल्या माझ्या दुकानात, एका जुन्या पाटीच्या पाठीवर.
बान. खाली पोट, वर शेंडी.
म्हणाली, अजून जाड.
मी म्हटलं, बाई, आता हे अक्षर जिना चढायचं नाही.
म्हणाली, जिना कशाला, बसायचंय त्याला.

आमच्या रोजच्या लिहिण्यात लहानमोठं कुणी नाही,
सगळी एका पंगतीतली,
कुणाचा पाय लोंबतो, कुणाची मान वर.
तिनं सगळ्यांना बाळसं चढवलं.
इन म्हणजे नुसती कमान, तिची झाली भाकरीची कड.
ओनच्या दोन कमानी एकमेकींना खेटल्या
थंडीत बाकावर बसलेल्या बहिणींसारख्या.
पारच्या मधल्या काठीला दोन्हीकडून गाल फुटले.
नाव ठेवलं फुंतुशा.
आमच्याकडे गोड बनपावाला म्हणतात.

एका ठिकाणी मात्र तीन महिने अडली:
जाडी वाढवावी तशी आतली जागा मरते.
पोटातलं पांढरं आक्रसत जातं
आणि लांबून दिसतो नुसता काळा गोळा.
ती रस्ता ओलांडून उभी राहायची, डोळे किलकिले करून.
मी इकडे पाटी धरून.
दिसतंय का? मी ओरडायचो.
गुदमरतंय! ती ओरडायची.
मधून ट्रक जायचे.
शेवटी हेझलनटएवढं भोक ठेवलं, जरा तिरपं,
हसणाऱ्याचा एक दात पडलेला असावा तसं.

पहिलं गिऱ्हाईक बिचिको.
बागेच्या फाटकाशी त्याची आईस्क्रीमची गाडी.
अक्षरं गाडीवर मावेनात,
शेवटचं वळसा घालून मागच्या चाकावर गेलं.
पोरं ते चाटून बघायची.
बिचिको म्हणायचा, तो स्वाद संपला, दुसरा घ्या.

मग सुटलीच ती गावभर.
दाताचा डॉक्टर. पंक्चरवाला. लग्नाचा हॉल.
निवडणुकीतल्या एकानं गुबगुबीत अक्षरांत पूल बांधून दिला,
पूल अजून अक्षरांतच आहे.
बँकेनं कर्जाला ती वापरली तेव्हा
मझेविनार दोन दिवस माझ्याशी बोलली नाही,
जणू व्याज मीच लावलं होतं.
कापलं होतं मीच, हे खरं.

मेमध्ये, गाडी बाहेर काढायच्या आठवड्यात,
त्सिउरी आली काळा रुमाल बांधून.
अंगणाच्या फाटकावर नाव लावायचं होतं, खाली दोन तारखा.
मी सवयीनं बारीक अक्षरांचा नमुना पुढे केला,
ताठ पाठीची, खाली बघणारी.
तिनं तो वाचला, परत वाचला.
हा कोण? म्हणाली.
गाडीवर होतं तसं लिहा.

मझेविनारला फोन लावला.
पलीकडे बराच वेळ फक्त नळाचं पाणी.
मग म्हणाली, बारीक करू नकोस त्याला.
काहीच करू नकोस.
अक्षरांमध्ये थोडं अंतर ठेव, एवढंच.

यंत्रानं काळं व्हिनाइल कापलं,
नको ते मी चिमट्यानं सोडवत बसलो.
बिचिकोच्या नावात बंद जागा एकच,
पहिल्या अक्षराच्या पोटात.
तो तुकडा चिमट्याला चिकटला, तिथून बोटाला,
झटकला, कुठे पडला दिसलं नाही.

फाटकाशी लोक थांबत, वर बघत.
काहींना आधी हसू यायचं,
मग हात तोंडावर जायचा, आणि तिथेच राहायचा.
एक पोरगी मुठीत नाणी धरून
सगळी अक्षरं मोठ्यानं लावून वाचत होती.
तिला कुणी गप्प केलं नाही.

रात्री कोट काढताना बाहीवर दिसला,
काळा, हेझलनटएवढा,
जरा तिरपा.